आत काय ठेवणार?

फणेरपेटीचं झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला आरसा असे. झाकण तिरकं टेकून उभं राही आणि पाटावर बसलेल्या बाईला त्यात आपला चेहरा नीट दिसे. खाली खण. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेण. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं, वर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिके. झाकणाचा कल, खणांची मापं, सगळं या रोजच्या कामावरून ठरलेलं होतं. कडेची वेलबुट्टी त्यानंतरची. आरशाची कपाटं आणि टिकल्यांची पाकिटं आली, तशी ही पेटी माळ्यावर गेली.

हाताने सजवलेली लाकडी पेटी भेट द्यायची हौस आज अनेकांना आहे. तयार कोरी पेटी आणायची, पॉलिशपेपरने घासायची, वर चित्र किंवा कागदाची नक्षी चिकटवायची, वॉर्निशचे हात द्यायचे. यात मेहनत खरी असते आणि जीवही ओतलेला असतो. फक्त सगळा विचार बहुतेकदा झाकणावरच संपतो. पेटीला पोटही असतं, आणि भेट घेणाऱ्याचा रोजचा संबंध त्या पोटाशी येतो.

पोटाचा असा विचार जैनांच्या श्वेतांबर परंपरेत दिसतो; तिने ग्रंथाइतकाच ग्रंथाच्या डब्याचाही विचार केला. श्रावक पोथ्या लिहवून घेऊन अर्पण करत, आणि पोथ्यांसाठी लांबट, रंगवलेले डबे होत. त्यांवर अष्टमंगल किंवा तीर्थंकरांच्या मातेला पडलेली चौदा स्वप्नं चितारलेली असत. डब्याची लांबी-रुंदी मात्र पोथीच्या पानावरून ठरे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, पावसाळाभर बंद राहिलेल्या पोथ्या बाहेर काढून पुसायच्या, हवेशीर करायच्या हा प्रघात. वर्षातून एकदा तरी डबा उघडायचाच, अशी सोय धर्मानेच लावून दिली होती.

या साऱ्याचं जिवंत उदाहरण पाहायचं तर सावंतवाडीला जावं. इथल्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या लाकडी डब्याइतकी देखणी भेटवस्तू महाराष्ट्रात शोधावी लागेल. दशावतारी गंजिफेत 10 अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 गोल पत्ते. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने पत्त्याचा थर कडक करायचा, खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचा, रंगवायचा, शेवटी लाखेचा हात. डब्यावरही तीच चित्रं, तीच लाख. पत्ते गोल असल्याने ते चळतीने उभे राहतात, म्हणून डबाही त्या चळतींच्या मापाचा, वर सरकतं झाकण. डबा पाहूनच आत काय आहे ते कळतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळपास विझली होती. पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिराच्या हातात ती उरली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले आणि 1970 च्या दशकापासून तिला पुन्हा उभं केलं. राजवाड्याच्या दालनात आजही कारागीर रंगकाम करताना दिसतात. हे ऋण मोठं आहे. तरी एक गोष्ट टोचते: विकत घेतलेले बरेच डबे थेट काचेच्या कपाटात जातात. खेळ शोभेच्या वस्तूत गोठतो.

घरी पेटी करणाऱ्याने म्हणूनच ब्रश उचलण्याआधी माप घ्यावं. आजीचा चष्मा, बहिणीचे झुमके, मित्राची फाउंटन पेनं: वस्तू ठरली की खण आपोआप ठरतात. कोकणातल्या हवेत सरकतं झाकण घट्ट बसवू नये. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत फारसं नाही. म्हणून खाचेत दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवायची. खाचेत रंगाचा थर चढू द्यायचा नाही, तिथे मेण चोळायचं. आतल्या बाजूलाही पॉलिशचा एक हात हवा, नाहीतर एकाच अंगाने ओल धरून फळी वाकते. ही सगळी कामं न दिसणारी आहेत, पण जूनमध्ये झाकण उघडतं ते त्यांच्यामुळे.

आणि गंजिफाच भेट द्यायची असेल, तर पहिला डाव देणाऱ्यानेच मांडावा. तिघं जण लागतात. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी पहिली. रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची.