हेरांची वही

वाचन : गणना 13 : 17–33, ईयोब 41



ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदी बडोदे शहरात शिरली. ते दिवस मांजलपुरात राहणारे आम्ही विसरणार नाही. पाणी ओसरले, परंतु भय ओसरले नाही; कारण पाण्याबरोबर मगरीही वस्त्यांत आल्या होत्या. या नदीतून मगरी नाहीशा कराव्यात, असे पुष्कळजण बोलू लागले. खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच होते.

पुढे नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे ठरले. यंत्रे पात्रात उतरण्यापूर्वी, फेब्रुवारी 2025 मध्ये, गीर फाउंडेशनने जाणकार व स्वयंसेवक यांना बरोबर घेऊन मगरींची मोजणी केली. आम्हीही नाव दिले. थंडीत मगरी ऊन खाण्यासाठी काठावर येतात, तेव्हा त्या दिवसा दिसतात. रात्री विजेरीच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, त्यावरून त्या मोजता येतात. एकच मगर दोनदा धरू नये, याची खबरदारी घ्यावयाची आणि काठावरील बिळेही टिपून ठेवावयाची. काम सोपे वाटते. पण त्यात आमची परीक्षा झाली.

रात्री झुडपांखाली दोन डोळे दिसले. अंग दिसत नव्हते. आमच्या हाताने वहीत ‘मोठी मगर’ असे लिहिले. सोबतचा तरुण नम्रपणे म्हणाला, “काका, आपण फक्त डोळे पाहिले. तेवढेच लिहू या.” आम्ही ओशाळलो. ती मोठी मगर नदीत नव्हती. ती आमच्या मनात पुरापासून बसली होती.

तेव्हा आम्हांला गणना या पुस्तकातील बारा हेर आठवले. मोशेने त्यांना पाठविले ते पाहणी करण्यासाठीच. जमीन कशी आहे, तिच्यात झाडे आहेत की नाहीत, लोक थोडे की फार, हे त्यांनी पाहून यावे, असे त्याने सांगितले. चाळीस दिवस ते हिंडले. देश सर्वांनी एकच पाहिला. परंतु दहा जणांनी वृत्तांत सांगताना आपले भय त्यात मिसळले. तेथील माणसे राक्षसांएवढी झाली आणि ते स्वतः टोळांएवढे झाले. त्या एका खोट्या वृत्तांताने अख्ख्या पिढीला रानात ठेवले.

बंधूंनो, भयाने लिहिलेली नोंद ही खोटी साक्षच होय.

त्या मोजणीत 442 मगरी आढळल्या. पूर्वी हा आकडा ऐकून आम्ही घाबरलो असतो. परंतु मोजावयास गेलो म्हणून कळले की उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी याच काठात खळगा करून पंचवीस-तीस अंडी घालते, आणि पिले आतून ओरडू लागली की माती उकरून त्यांना जबड्यात धरून अलगद पाण्यात सोडते. ज्या जबड्याला आम्ही भितो, तोच तिच्या लेकरांचा पाळणा आहे! ईयोबाच्या 41 व्या अध्यायातील लिव्याथान म्हणजे मगर, असे कित्येक भाष्यकार समजतात. तेथे देव त्या प्राण्याचे वर्णन जणू कौतुकाने करतो. ईयोबाचे दुःख तो नाकारीत नाही. परंतु ज्याचे ईयोबाला भय, तेही आपल्याच हातचे आहे, असे त्याला दाखवितो.

याचा अर्थ मगरीजवळ जावे असा नाही. नदीकाठी सावध राहावे, मुलांना दूर ठेवावे. सावधपणा निराळा आणि द्वेष निराळा. सावधपणा पाहून ठरवितो. द्वेष न पाहताच.

आता आपण आपल्या वह्या उघडू या. शेजारच्या आळीविषयी, ज्या वस्तीत आपण कधी पाऊल टाकले नाही तिच्याविषयी, मंडळीतील ज्या भावाशी बोलणे बंद आहे त्याच्याविषयी आपण काय लिहून ठेवले आहे? किती गोष्टी पाहिलेल्या, आणि किती नुसत्या दोन डोळ्यांवरून? संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना एकदा जवळच्या झाडाखाली न्यावे आणि जे दिसेल तेवढेच लिहावयास सांगावे. खरी साक्ष देण्याचा तो पहिला धडा होईल.

हे प्रभू, आम्हांला कालेब व यहोशवा यांचे डोळे दे. आमच्या वहीतील भयाने लिहिलेल्या ओळी पुसून टाक, आणि जे तू निर्माण केले ते आहे तसे पाहण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.