लाल पान

गोंदिया जिल्ह्यात ऑक्टोबरात पानं गळत नाहीत. पाऊस नुकताच गेलेला असतो, तलाव तुडुंब असतात आणि जंगल अजून भरगच्च असतं. बदल दिसतो तो धानाच्या बांध्यांमध्ये. हलकं धान पिवळं होऊन कापणीला येतं. शेजारच्या बांधीतलं भारी धान त्याच वेळी हिरवंगार उभं असतं. दोन्हींची रोवणी एकाच पावसात झालेली. तरी भारी धान मागे पडलं असं कुणी म्हणत नाही. त्याची मुदत वेगळी, एवढंच. घरी आलेल्या पाहुण्यालाही शेतकरी हे समजावून सांगत बसत नाही.

मुलांच्या चित्रपुस्तकांत मात्र ऑक्टोबर म्हणजे पानगळ. भोपळे, खारी, गळ्यात गुंडाळलेले मफलर आणि लाल-केशरी झाडांच्या रांगा. दूरच्या थंड देशांतली ही पुस्तकं आता आपल्याही शाळांपर्यंत पोचली आहेत. देखणी असतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टींमध्ये एक वेगळा जीव असतो. एखादा चौकोनी भोपळा, एखादं गळायला घाबरणारं पान. आधी त्याला हसतात, शेवटी त्याला आपलं म्हणतात. लहानपणीच हे कानावर पडलेलं बरं, यात शंका नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत, शनिवारच्या सकाळच्या वेळी, असं एक पुस्तक पाहणं चाललं होतं. पानभर एकच पान होतं, लालभडक, देठाशी जरा वाकलेलं. या पानाचं आता काय होणार, असं मी विचारलं. पहिल्या रांगेतल्या मुलीनं वेळ न लावता सांगितलं, "मोठं होईल. आताच फुटून राह्यलं ना ते."

पुस्तकाच्या हिशेबानं उत्तर चूक होतं. तिच्या गावच्या हिशेबानं अगदी बरोबर होतं.

इकडच्या रानात लाल पान म्हणजे नवं पान. फाल्गुन-चैत्रात कुसुमाच्या झाडाला पालवी फुटते तेव्हा लांबून ते फुललंय असंच वाटतं. जवळ गेलं की कळतं, ती पानंच आहेत. पिंपळाची कोवळी पानं तांबूस, आंब्याची तांबूस, मोहाचीही तांबूस. थंड प्रदेशातल्या मेपलचं पान गळण्याआधी लाल होतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो दिसू लागतो. लाल मात्र बहुधा जाता जाता नव्यानं तयार होतो. कुसुमाच्या कोवळ्या पानातही त्याच जातीचा लाल असतो. हिरवेपण मुरेपर्यंत उन्हापासून तो पानाला जपतो, असं अभ्यासक मानतात. तिकडे हा रंग निरोपाच्या वेळी येतो, इकडे जन्मासोबत. चित्र एकच, पाहणारी दोघं वेगळ्या झाडांखाली वाढलेली.

आपल्याकडची पानगळ येते ती माघ-फाल्गुनात. तिला थंडीपेक्षा कोरड जास्त कारणीभूत असते. जमिनीतलं पाणी कमी होऊ लागलं की झाड पानांचा खर्च आवरतं. म्हणूनच ती सगळीकडे एका दिवशी येत नाही. नवेगावबांधच्या बाजूला उन्हाळा लागता लागता हिंडलं तर हे सहज दिसतं. टेकडीच्या मुरमाड उतारावरचा साग पार उघडा झालेला असतो. त्याची सुपाएवढी पानं खाली पडलेली, पाय ठेवला की कडकड वाजणारी. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या ओलीला उभा असलेला साग अजून पानं धरून असतो. जात एक, वय कदाचित एक, ऊनही तेच. मुळांना लागलेली जमीन तेवढी वेगळी.

वर्गात मुलं बसतात तेव्हा त्यांची जमीन दिसत नाही, फक्त पानं दिसतात. कुणी भराभर वाचतं, कुणी अक्षरावर बोट ठेवून अडून बसतं. देवरी-सालेकस्याकडच्या काही घरांत गोंडी बोलतात, काही घरांत पोवारी, कुठे छत्तीसगढी, कुठे झाडीबोली. शाळेचं पुस्तक यांतल्या कुणाच्याच घरच्यासारखं बोलत नाही. गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ साली वसलेली. स्वेटरांचा हंगाम आला की तिबेटी कुटुंबांतली मोठी माणसं विक्रीसाठी शहरोशहरी जातात. शहरातल्या माणसाला तो रस्त्याकडेचा लोकरीचा बाजार वाटतो. अशा घरातल्या मुलाला ऑक्टोबर म्हणजे आईबाबा बॅगा भरताना दिसणं. त्याला ऋतूचं चित्र काढायला सांगितलं तर तो पानं काढेलच असं नाही.

चित्रपुस्तकांतल्या वेगळेपणावरच्या गोष्टी वाचताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. वेगळा असलेला जीव शेवटी कुणाच्या तरी कामी येतो. चौकोनी भोपळा सगळ्या भोपळ्यांना वाचवतो, आणि मग त्याला मान मिळतो. म्हणजे आधी उपयोग सिद्ध कर, मग ये आमच्यात. वर्गातल्या अडखळत वाचणाऱ्या पोरानं काय करावं? त्यानं कुणालाच वाचवलं नाही तर?

लिओ लिओनी या चित्रकाराचं 'फ्रेडरिक' हे पुस्तकही मला बरेच दिवस याच माळेतलं वाटायचं. पुस्तक १९६७ सालचं. त्याच्या आधी, १९५९ मध्ये, लिओनीनं 'लिट्ल ब्लू अँड लिट्ल यलो' केलं होतं. आगगाडीत नातवंडांना रमवण्यासाठी मासिकाचे कागद फाडून रचलेल्या गोष्टीतून ते झालं. त्यात निळा आणि पिवळा हे मित्र मिठी मारून हिरवे होतात, आणि घरचेच त्यांना ओळखत नाहीत. फ्रेडरिक हा शेतातला उंदीर. हिवाळा जवळ येतो तसे बाकीचे चार उंदीर मका, गहू, दाणे, गवत गोळा करतात. हा नुसता बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, ऊन गोळा करतोय, रंग गोळा करतोय, शब्द गोळा करतोय. पुढे साठा संपतो, सगळे गारठतात, तेव्हा तो त्यांना उन्हाच्या, रंगांच्या गोष्टी सांगतो आणि कविता म्हणतो. सगळे त्याला कवी म्हणतात. थोडक्यात, कवीही कामाला आला. मुंगी आणि नाकतोड्याची जुनी गोष्ट उलटी केली, एवढंच या पुस्तकाचं कौतुक मला वाटायचं.

त्या शनिवारी हेही पुस्तक वाचून झालं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं कवितेबद्दल काहीच विचारलं नाही. त्यानं विचारलं, "पण त्याले खाले देल्लं का नाही?"

आम्ही पानं उलटी फिरवली. हिवाळा सुरू होतो त्या चित्राशी गेलो. पाचही उंदीर दगडांच्या आडोशाला एकत्र बसलेले. खायला भरपूर आहे, गप्पा चालल्या आहेत, घर सुखात आहे. कविता अजून काही पानं पुढे आहे. फ्रेडरिककडे काही आहे की नाही, हे तोवर कुणालाच माहीत नाही. त्यानं दाणा आणला नव्हता, तरी तोही या सुखातला एक आहे. आधी जरा कुरकुर झाली खरी, पण जेवताना ती कुणी काढलेली नाही. लिओनीनं या पानावर काहीच अधोरेखित केलेलं नाही, म्हणून माझी नजर दर वेळी पुढच्या कवितेकडे धावायची.

मुलाचं समाधान झालं. मग चर्चा भलतीकडेच वळली. फ्रेडरिक आपल्या गावात असता तर त्यानं काय खाल्लं असतं? कुणी धान म्हणालं, कुणी बोरं. एकानं सांगितलं, मोहफुलं खाल्ली असती आणि दिवसभर झोपला असता, मग कसली कविता. त्यावर सगळा वर्ग हसला. तेवढ्यात खिचडी झाल्याचा आवाज आला, आणि पुस्तक तसंच उघडं टाकून पोरं ताटल्या घेऊन पळाली.