सुदाम्याची पुरचुंडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दसरा झाला, कोजागरीचं दूध झालं, आता दिवाळी दारात आली. घराघरांत याद्या सुरू झाल्या असतील. भाऊबीजेला काय, जावयाच्या दिवाळसणाला काय, नातवंडांना काय. मोबाइल उघडला, पैसे भरले, की वस्तू परस्पर त्यांच्या दारात. आपला हातही तिला लागलेला नसतो. त्यात वाईट काही नाही. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. आपण बडोद्याला, इंदूरला, बेळगावात. सोय लागतेच. पण या वर्षी घरातल्या निदान एका माणसासाठी आपल्या हातांनी काहीतरी करावं, असा संकल्प आपण सगळे मिळून करू या.

भागवताच्या दशम स्कंधातली सुदाम्याची कथा आपण कितीदा ऐकली आहे. द्वारकेला निघताना सुदामा बायकोला विचारतो, भेट म्हणून न्यायला घरात काही आहे का? घरात काहीच नव्हतं. ती माउली शेजारी गेली, चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्याच्या तुकड्यात बांधून दिले. द्वारकेत भगवंतांनी मिठी मारली, पाय धुतले. सांदीपनींच्या घरच्या आठवणी निघाल्या. मग भगवंतांनी हसून विचारलं, माझ्यासाठी घरून काय आणलंस? सुदाम्याने मान खाली घातली. त्या वैभवात ती पुरचुंडी काढायची कशी? तेव्हा भगवंतांनी जे सांगितलं, तेच गीतेच्या 9व्या अध्यायातही आहे: पान, फूल, फळ, पाणी, जे कुणी भक्तीने देतो ते मी स्वीकारतो. आणि एवढं बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतः हात घालून ती पुरचुंडी ओढून घेतली आणि एक मूठ तोंडात टाकली.

गोव्यातल्या आपल्या गुरुबंधूंना पोह्यांची थोरवी सांगायला नको. तिथे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान होतं, कारीट फोडलं जातं आणि मग घरोघर फोव होतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, बटाट्याचे. त्या दिवशी पाहुण्यापुढे पहिली येते ती पोह्यांचीच वाटी. श्रीमंताघरी तेच आणि गरिबाघरीही तेच.

या कथेत देणाऱ्याइतकंच घेणाऱ्याकडेही पाहण्यासारखं आहे. सुदाम्याने पुरचुंडी लपवली. हाताने केलेली वस्तू देताना आपलंही असंच होतं. करंजीची मुरड नीट आली नाही, स्वेटरची एक बाही लांब झाली, कंदिलाची एक कामटी वाकडी बसली. लोक काय म्हणतील? मग आपण ती मागे ठेवतो आणि दुकानातला डबा पुढे करतो. पण माणसाची खरी परीक्षा घेताना असते. आजीने जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी शिवली. सीमाभागात तिला वाकळ म्हणतात. डोळ्यांना कमी दिसत असताना महिना-दीड महिना ती टाके घालत बसली. आणि आपण काय म्हणतो? “कशाला एवढा त्रास घेतलास, आजकाल सगळं मिळतं की!” आपल्याला वाटतं, आपण काळजीने बोललो. तिला ऐकू येतं की, तुझी गरज नाही. गोधडी माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी आजी काही शिवत नाही. भगवंतांनी पोहे ओढून घेतले, तसं आपण ती गोधडी ओढून घ्यायला हवी. तिच्यासमोर उलगडावी, अंगावर घ्यावी, हा तुकडा कुठल्या लुगड्याचा म्हणून विचारावं. मग बघा, तिच्याकडून केवढी गोष्ट निघते ती!

आता करणाऱ्याच्या मनाविषयी. गीतेच्या 17व्या अध्यायात दानाचे 3 प्रकार सांगितले आहेत. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अवेळी, अवमान करून दिलेलं ते तामस. हाताने केलं म्हणजे आपोआप सात्त्विक झालं, असं नाही. लोकरीचा स्वेटर पाठवायचा आणि रोज फोन करायचा, घातलास का, फोटो पाठव, शेजारणींना दाखवलास का! हा राजसपणाच. भेट दिली की आपला हात सुटला पाहिजे. लाडू वळताना नाम घ्यावं आणि देताना ‘मी केलं’ हे तिथेच सोडावं.

आणखी एक. हातांनी करायचं म्हणजे घरातल्या बायकांनीच करायचं, असा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्या हातांना फराळाचं काम आधीच पुष्कळ आहे. पुरुषांनी कापसाच्या वाती वळाव्यात, मुलांनी कंदील करावा. काकांसाठी खमंग चकली, दात नसलेल्या आजीसाठी खुसखुशीत, तोंडात विरघळणारी शंकरपाळी, येणाऱ्या बाळासाठी जुन्या सुती साडीचं दुपटं. ज्याच्यासाठी करायचं, त्याचा चेहरा करताना डोळ्यांपुढे असावा. ती चार-दोन तासांची आठवण हीच खरी भेट. वस्तू हे तिचं फडकं.

आणि तो एक माणूस कोण निवडायचा? आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखादं दार बंद आहे. वाटणीवरून भाऊ बोलत नाही. लग्नातल्या मानपानावरून बहीण भाऊबीजेला यायची थांबली. तिथे महागडी वस्तू पाठवली तर ती तोऱ्याने पाठवल्यासारखी वाटते, शब्द पाठवला तर वाद उकरला जातो. पण आईच्या हातची होती तशा चवीच्या अनारशांचा डबा दाराशी गेला, तर? कदाचित डबा तसाच परत येईल. येऊ दे. तो करताना आपल्या मनातली गाठ सैल झाली, तेवढी सेवा श्रीगुरूंच्या चरणी रुजू झाली. आणि असा डबा आपल्याच दाराशी आला, तर आत घ्यायला वेळ लावू नका. पूर्वीचा हिशेब काढू नका. उभ्या उभ्या एक तोंडात टाका.

आज रात्री नामस्मरणाला बसताना त्या एका माणसाचं नाव मनात आणू या आणि उद्यापासून कामाला लागू या. सर्वांची दिवाळी गोड होवो.

श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु 🙏