सोसावे किती, सांगावे किती?

आपल्या वारकरी मंडळींत एक समज फार घट्ट बसलेला आहे आणि वरवर पाहता तो मोठा सात्त्विक दिसतो. देहाचे दुखणे मुकाट्याने सोसणे हीच भक्ती, आणि त्यावर रोज गोळी घेणे म्हणजे नामावरील विश्वास तितका उणा, असा तो समज. ताप-खोकल्याची गोळी आपण चार दिवस घेतो नि विसरतो. पण जे दुखणे वर्षानुवर्षे सोबत राहते, ज्याच्या औषधाचे प्रमाण पुनःपुन्हा कमी-जास्त करावे लागते, तेथे हा समज माणसाला आतून पोखरू लागतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

२०२३ च्या आषाढी वारीतील गोष्ट. आमच्या दिंडीत साठी ओलांडलेले एक टाळकरी आहेत. त्यांना छातीच्या डाव्या अंगाला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या गेल्या, पण आग राहिली. सदऱ्याचा स्पर्श झाला तरी निखारा लावल्यासारखे होई. डॉक्टरांनी त्यांना गॅबापेंटिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली होती. दुखणे निम्म्यावर आले होते, झोप लागत होती. आळंदीहून प्रस्थान झाले त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवले, "माउलींच्या संगतीत निघालो, आता गोळीची चाकरी कशाला?" आणि डबी पिशवीच्या तळाशी गेली.

पुण्याच्या दोन्ही मुक्कामांत त्यांना झोप नाही. अंगाला घाम, जिवाची घालमेल, मळमळ आणि दुखणे दुप्पट. चौथ्या दिवशी दिवे घाटात ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. सासवडला आरोग्याच्या तंबूत नेले. डॉक्टरांनी विचारले, "बाबा, गोळ्या नेमाने घेता ना?" हे म्हणाले, "घेतो की!" डॉक्टरांना वाटले, मात्रा अपुरी पडते आहे. त्यांनी वाढवून लिहायला कागद ओढला. तेवढ्यात शेजारी उभे असलेले आमचे विणेकरी हळूच म्हणाले, "माउली, गळ्यात माळ आहे. खरे काय ते सांगा."

टाळकऱ्यांनी मान खाली घातली आणि खरे सांगितले. पुढचा अनर्थ तेथेच टळला. चार दिवस औषध नसलेल्या देहावर वाढीव मात्रा एकदम पडली असती, तर गुंगी येऊन ते कोठे पडले असते, कोण जाणे. डॉक्टरांनी थोड्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि घरच्या डॉक्टरांना फोन लावून पुढची पायरी ठरवली.

आता या औषधाची रीत समजून घेतली पाहिजे. काटा रुतला की नस तशी वर्दी देते, आणि काटा काढला की वर्दी थांबते. पण नागिणीने किंवा मधुमेहाने नसच दुखावली, तर ती काट्यावाचून वर्दी देत राहते. दारात कोणी नसता कडी वाजत राहावी तसे हे आहे. अशा दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. म्हणून अपस्माराच्या झटक्यांसाठी निघालेली गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा मनाच्या उदासीनतेवर निघालेली अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन ही औषधे येथे देतात. ती थोडक्यापासून चढवायची असतात. अमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू होते. गुण कळायला काही आठवडे जातात. गुंगी, भोवळ, तोंडाला कोरड, पायाला सूज यांपैकी काही आले तर प्रमाण बदलावे लागते किंवा औषधच बदलावे लागते. मूत्रपिंड थकले असेल तर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन कमीच द्यावी लागते. आणि ही औषधे सोडायची झाली तरी पायरीपायरीने उतरायचे असते. एकदम सोडल्यास झोप उडते, घाम सुटतो, क्वचित झटकेही येतात.

कोणी म्हणेल, "अहो, प्रारब्ध आहे ते भोगूनच संपवावे ना?" बरे तर, रोग प्रारब्धाने आला म्हणता, मग वैद्य काय प्रारब्धाबाहेरून आला? नाथबाबांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, हे आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. "तुझे प्रारब्ध भोग" असे नाथांनी त्याला सांगितले नाही. जी दया मुक्या जनावराला, ती आपल्या देहाला का नको? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्या अध्यायात तर दंभाने नि अहंकाराने देहाला पिडणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे. गोळी बंद करताना आमच्या टाळकऱ्यांच्या मनात भक्ती होती खरी. पण "मी गोळीवाचून चालून दाखवीन" यातला 'मी' कोणाचा, हे त्यांनीच नंतर आम्हांस हसत विचारले.

याची दुसरी बाजूही आहे. एका गोळीने भागेना म्हणून आपल्याच मनाने दोन, मग तीन घेणारेही आहेत. त्यांना दुखणे मुळीच नको असते. पण या औषधांनी नसांचे दुखणे समूळ जाणे विरळा. तिसरा हिस्सा किंवा निम्मे कमी झाले तरी गुण आला असे डॉक्टर मानतात. बाकीच्याच्या मागे लागून मात्रा वाढवली तर माणूस कीर्तनात बसून पेंगतो, चालताना झोकांड्या खातो. वर दारू किंवा अफूच्या जातीचे औषध पोटात असेल, तर श्वासही मंदावू शकतो. सोडणारा आणि वाढवणारा, दोघांचा दोष एकच. दोघांनीही माप आपल्या हाती घेतले.

मग योग्य माप कोणते? मृदंगाची मात्रा वाजवणाऱ्याच्या लहरीवर नसते. दिंडीचे पाऊल ज्यावर पडते ती खरी. तसेच येथे समजावे. ज्या मात्रेत झोप लागते, पाऊल सावध पडते, ओठी नाम राहते, घरच्यांशी गोड बोलता येते, ती आपली मात्रा. ती शोधायला वैद्याचे ज्ञान लागते आणि आपले खरे बोलणे लागते. किती दुखते, किती गुंगी येते, किती गोळ्या चुकल्या, हे वैद्याला आपल्यावाचून कोण सांगणार? संतांपुढे आपण आपले दोष उघडे करतो, मग वैद्यापुढे लाज कसली?

आणि औषध घेऊनही जे उरेल, ते मात्र सोसायचेच आहे. तेथे रडणे नाही, मिरवणेही नाही. तेवढा वाटा विठ्ठलाच्या पायी ठेवावा. सोसण्याची थोरवी तेथे आहे.

त्या वारीत आमचे टाळकरी सासवडपासून काही टप्पे दिंडीच्या ट्रकमध्ये बसून आले. वाखरीपासून मात्र पायी चालले. टाळ हाती होता नि गोळ्यांची डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात. कोणी विचारले तर म्हणत, "आता लपवीत नाही, माउली."

रामकृष्णहरि.