माळ ओसाड नसतो

सकाळी माळरानावर फिरायला गेलं, की बहुधा पहिली ओरड ऐकू येते टिटवीची. ती आपल्याला हाकलत असते, कारण तिचं घरटं तिथंच उघड्यावर असतं. जमिनीतला एक उथळ खळगा, भोवती खडे आणि आत मातीच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची, साधारण चार अंडी. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. ती डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर फोटोसाठी पुढे जाऊ नये. आल्या पावली मागे फिरावं.

बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावर आहे, तिथं चिंकारा राखला जातो. पण हे भाग्य प्रत्येक माळाच्या वाट्याला येत नाही. लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल यांचं हे घर आपल्या लेखी अनेकदा नुसती पडीक जमीन असते. जिथं झाडी नाही तिथं जीव नाही, ही आपली समजूत. खरं तर गवताळ माळ हेही रानच.

तेव्हा मळलेली पायवाट सोडू नका, कुत्र्याला मोकळं सोडू नका. आणि माळाला ओसाड म्हणण्याआधी घटकाभर थांबून नीट पाहा.