विकत घेतलेली रात्र

विश्रांतीसाठीं काढलेले दोनचार दिवस नीतिशास्त्राच्या हद्दीबाहेर असतात, अशी आपणां सुशिक्षित मध्यमवर्गीयांची एक न बोललेली समजूत आहे. घरीं असतांना शेजाऱ्याच्या गाण्याचा आवाज चढला तर दार ठोठावणारा, गणेशोत्सवांतील ध्वनिक्षेपकांविरुद्धच्या अर्जावर पहिली सही करणारा गृहस्थ समुद्रकिनारीं गेला म्हणजे त्याच आवाजाचे पैसे मोजतो, आणि ह्या दोन वर्तनांत कांहीं विसंगति आहे हें त्याच्या गांवींहि नसतें. मी हें इतरांविषयीं लिहीत नाहीं. तो गृहस्थ मीच.

गेल्या नोव्हेंबरांत आम्ही पतिपत्नी थिवी स्टेशनावर उतरून बार्देशांतील किनाऱ्यालगतच्या एका गांवीं तीन रात्रींसाठीं गेलों. जागा भाच्यानें ठरविली होती. ज्यास हल्लीं ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात त्यांपैकीं तें एक : जुन्या घराला नवा रंग, नऊच खोल्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बल्कांवावर वेताच्या खुर्च्या. मूळ मालकांच्या आजा-पणजांचीं छायाचित्रें भिंतीवर तशींच ठेविलीं होतीं. पाहुण्यांस तें आवडतें, असें व्यवस्थापक म्हणाले. परक्याच्या पूर्वजांच्या नजरेखालीं न्याहारी करण्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें तेव्हां आम्हांलाहि वाटलें नाहीं.

रात्रीं नऊनंतर मागल्या अंगणांत दिवे लागत आणि संगीत सुरू होई. ह्या पट्ट्याची जागरणाविषयींची ख्याति आजची नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी हिप्पी हणजूण येथें येऊं लागले तेव्हांपासून ती वाढत आली आहे. पहिल्या रात्रीं मी कानांवर उशी घेऊन निजलों. दुसऱ्या रात्रीं पत्नीनें हात धरून ओढलें, आणि आम्ही दोघें एक वाजेपर्यंत नाचलों. लग्नाला तेहतीस वर्षें झालीं. आम्ही एकत्र कधीं नाचलों नव्हतों. तेव्हां त्या आनंदाला उथळ किंवा उसना म्हणून मोकळें होण्याची सोपी वाट मला उरलेली नाहीं. तो आनंद खरा होता, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न मला अवघड जातो.

सकाळीं सहाच्या सुमारास खिडकीखालीं सायकलचा रबरी भोंपू वाजला. गोमंतकांत पोदेर, म्हणजे पाववाला, असाच भोंपू वाजवीत दारोदार फिरतो. मला तो आवाज असह्य झाला. खालीं जाऊन मीं तक्रार केली : आम्ही येथें विश्रांतीसाठीं आलों आहों, पहांटे हा गोंगाट कशाला? त्यानंतर गरम पाव लोणी लावून खाल्ले आणि त्यांची स्तुतीहि केली.

दुसऱ्या दिवशीं भोंपू वाजला नाहीं. न्याहारीला पाव मात्र होते. चौकशी केली तेव्हां व्यवस्थापक अदबीनें म्हणाले, “साहेब, आपली तक्रार होती ना? आमच्या भिंतीपासून पुढच्या वळणापर्यंत भोंपू वाजवूं नको असें त्याला बजावलें आहे.” त्या टप्प्यांत चार घरें होतीं. त्या घरांतील माणसें भोंपू ऐकून बाहेर येत. आतां त्यांना वाट पाहत उभें राहावें लागणार होतें.

त्या पोदेराचें घर आमच्या मागल्या भिंतीला लागूनच होतें. मी गेलों तेव्हां तो भट्टीसाठीं लांकडें रचीत होता. रात्रीं दोनला उठून तो भट्टी पेटवितो. म्हणजे त्यानें निजावें आठ-नवाला, आणि आमचें संगीत सुरू व्हावें नवाला. झोंप कशी लागते, असें मीं विचारलें. तो हंसून “आमकां संवय जाल्या” एवढेंच म्हणाला. मला वाटतें, ज्याला दुसरा इलाज नाहीं असा मनुष्य बहुधा हेंच म्हणतो.

आतां माझ्या बाजूनें जें बोलतां येईल तें बोलून पाहतों. मीं पैसे मोजले होते. परंतु कोणाला? हॉटेलच्या मालकाला; आणि मालकानें मला खोली विकली, जेवण विकलें, तें सर्व त्याचें होतें. रात्र त्याची नव्हती. भिंतीपलीकडची शांतता त्याच्या मालकीची असती तरच तिची किंमत माझ्या बिलांत धरतां आली असती. कोणी म्हणेल, तो पोदेरहि ह्याच धंद्यावर जगतो, हॉटेल त्याचें गिऱ्हाईक आहे. खरें आहे, पण त्यानें पावांचे पैसे घेतले ते पावांचे. झोंपेचा सौदा त्याच्याशीं कोणीं केला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच गांवांत फेस्त होतें, तियात्र होतें, तेव्हां ध्वनिक्षेपक लागतातच. मग आमच्याच नाचाला दोष कां? ह्यावर मी बराच विचार केला. फेस्ताची तारीख पोदेराला ठाऊक असते, त्यांत त्याचीं मुलें असतात, आणि दुसऱ्या दिवशीं तें संपतें. आमचें फेस्त प्रत्येक रात्रीं असतें आणि त्याचें आमंत्रण त्याला कधींच नसतें.

कायदा ह्या बाबतींत स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. वर्षांतून थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तीहि सणासमारंभांना. हा नियम मला तोंडपाठ होता, कारण घरीं मीं तो अर्जांत लिहिला आहे. अंगणांत एक वाजेपर्यंत नाचतांना तो आठवला नाहीं. मोरजी, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर कासवें अंडीं घालतात, दिव्यांनीं पिलांना समुद्राची दिशा चुकते, म्हणून तेथें कायद्यानें कासवांच्या रात्रीची काळजी घेतली आहे. ती बातमी वाचतांना माझें मन भरून आलें होतें! दक्षिणेकडे पाळोळें येथें कानांना यंत्र लावून नाचण्याचीहि रीत निघाली. दुरून पाहणाऱ्याला तें दृश्य हास्यास्पद वाटतें खरें, पण निदान नाचणाऱ्याचें संगीत त्याच्याच कानांत राहतें.

माझें अज्ञान हा बचाव मला पुरत नाहीं. पोदेर कोठें राहतो हें मला ठाऊक नव्हतें. परंतु भिंतीपलीकडे कोणीतरी राहतें एवढें कळावयास अक्कल कितीशी लागते? नाचतांना तें मनांत आलें नाहीं, आणि भोंपू वाजतांक्षणीं माझ्या झोंपेचा हक्क मात्र पूर्ण जागा झाला. दोन्ही वेळां कान एकच होते.

निघण्यापूर्वीं मीं व्यवस्थापकांना सांगितलें कीं, माझी तक्रार मी मागें घेतों, त्याला भोंपू वाजवूं द्यावा. त्यांनीं हंसून मान हालविली. “आपण तर आज जातां, साहेब. आज येणाऱ्या पाहुण्यांना विचारून पाहतों.” फाटकाशीं मोटार उभी होती आणि त्यांच्या बॅगा उतरूं लागल्या होत्या.