ली ह्वाची सही

माझ्या टेबलाच्या खणात गेली काही वर्षे एक वही पडून आहे. ती माझी नाही आणि माझ्या वर्गातल्या कोणा मुलाचीही नाही. चीनमधील नानचांग शहरात आठवीत असताना एका मुलीने केलेली ती इंग्रजीच्या सरावाची वही आहे, आणि ती तपासून मार्क देण्याचे काम माझ्यावर सोपवलेले आहे. बावीस वर्षे वह्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे काम खरे म्हणजे एका संध्याकाळचे. मला ते अजून जमलेले नाही.

वही माझ्याकडे आली ती अशी. माझी एक जुनी विद्यार्थिनी २०१३ साली डॉक्टरकी शिकायला चीनला गेली. तिच्या आजीने "एवढ्या लांब पोरीला धाडता?" म्हणून दोन दिवस अन्न टाकले होते. मग कोणीतरी तिला इकडच्या खासगी कॉलेजाची फी सांगितली, आणि तिसऱ्या दिवशी आजीच चिवड्याचे डबे भरू लागली. तिकडे वसतिगृहाच्या दाराशी एक बाई बसत असे. तिला सगळ्या मुली 'आयी' म्हणत. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी. पण आमच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून "इथे दारातच आई बसवली आहे" असे सांगितले, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

या आयीची मुलगी शाळा सुटली की आईच्या टेबलापाशी येऊन अभ्यास करीत बसे. ती आमच्या मुलीला 'जिएजिए' म्हणे, म्हणजे ताई. दोघींची गट्टी जमली. २०१९ साली ताई डॉक्टर होऊन परत निघाली तेव्हा त्या मुलीने आपली जुनी वही आठवण म्हणून तिला दिली आणि म्हणाली, "तुझे सर इंग्रजी शिकवतात ना? त्यांना दाखव. किती मार्क देतात विचार." त्या दिवाळीत ताई फराळाला आली ती वही घेऊनच.

मी स्वतः मॅट्रिक. आता त्या परीक्षेला दहावी म्हणतात, पण आमच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत मॅट्रिकच राहिले. इंग्रजी मी शिकलो ते मुलांना शिकवता शिकवता. तेव्हा चीनमधून कोणी आपल्याला परीक्षक नेमले आहे याचा मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. चष्मा पुसून, लाल पेन घेऊन मी बसलो.

पहिली काही पाने कोणत्याही देशातल्या मुलाची असावीत अशीच. एकेक शब्द दहा-दहा वेळा. उतारे कापून चिकटवलेले, त्यांच्याखाली चार-चार पर्याय. एखाद्या गोष्टीतले ठरावीक शब्द गाळून रिकाम्या जागा सोडलेल्या, आणि त्यांत कोणता शब्द बसतो हे ओळखायचे. ताई सांगत होती, तिकडे सकाळी तास सुरू होण्यापूर्वी मुले हे धडे मोठ्याने वाचतात. प्रत्येक जण आपापले पान आपापल्या सुरात. आपल्याकडे पूर्वी पाढ्यांचा असाच गजर चाले. इंग्रजीला तिथे हे महत्त्व नेहमी होते असे नाही. १९५० च्या दशकात तिथली मुले रशियन शिकत. पुढे रशियाशी बिनसले आणि इंग्रजीचे दिवस आले. २००१ पासून ती तिसरीपासूनच सुरू करण्याचे धोरण आले. नववी संपताना 'जोंगकाओ' आणि बारावीनंतर 'गाओकाओ' अशा दोन परीक्षा असतात. पहिल्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलांपैकी पुष्कळांना पुस्तकी शिक्षणाची वाट सोडून धंदेशिक्षणाच्या शाळेकडे वळावे लागते. दारावर बसणाऱ्या आयीच्या मुलीला त्या सकाळच्या गजरात जीव ओतावा लागे, तो यासाठी.

मग येतात पत्रे. त्यांत एक गंमत आहे. सगळी पत्रे ली ह्वा नावाच्या मुलाने किंवा मुलीने लिहिलेली आहेत. (ली ह्वा हे नाव दोघांनाही चालते.) 'समजा, तू ली ह्वा आहेस. तुझा इंग्लंडमधला मित्र पीटर याला पत्र लिही.' कधी कागद कातरण्याच्या कलेच्या प्रदर्शनाला आमंत्रण, कधी सहलीला येता आले नाही म्हणून क्षमायाचना, कधी वृद्धाश्रमात बरोबर येशील का अशी विचारणा. शब्द सुमारे ऐंशी. कितीतरी वर्षे, लाखो मुलांच्या हातून, हा एकच ली ह्वा पत्रे लिहीत आला आहे आणि पीटरचे एकही उत्तर आलेले नाही. पत्राखाली स्वतःचे नाव घालायचे नाही हा नियम. पेपर कोणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये.

हा नियम आजचा नव्हे. चीनमध्ये सरकारी चाकरीच्या परीक्षा शतकानुशतके चालत. सुंग राजवटीत उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकत, आणि एवढ्यावर न थांबता कारकुनांकडून पेपराची नक्कल करवीत. म्हणजे परीक्षकाला अक्षरावरूनही माणूस ओळखता येऊ नये. पुढे निबंधाचा साचा इतका घट्ट झाला की त्याचे आठ भाग ठरले, आणि त्यात उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने नव्हे, तर प्राचीन ऋषितुल्य पुरुषाच्या मुखाने बोलायचे असे ठरले. १९०५ साली ती परीक्षा बंद झाली. कन्फ्यूशियसच्या जागी आता ली ह्वा आला, एवढेच.

मी हे वाचून हसलो खरा. पण हसता हसता मनात आले, आपली मुले काय करतात? 'मी नदी बोलते आहे', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'एका वृद्ध बैलाचे मनोगत'! दहावीला बसणारा आपला मुलगा बैल होतो, झाड होतो, पण स्वतः होत नाही. आणि पाठ केलेली वाक्ये? त्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर ती ओळीने मांडून ठेवलेली आहेत. 'ॲज इज नोन टू ऑल', 'हाऊ टाइम फ्लाइज', आणि शेवटी 'तुझ्या उत्तराची वाट पाहत आहे'. हीच वाक्ये मी इथे फळ्यावर लिहून दिलेली आहेत.

वहीत 'माझी आजी' या विषयावर एक निबंध आहे. तो मात्र ली ह्वाचा नव्हे. वर्गासाठी लिहिलेला, वर मुलीचे खरे नाव. आजी खेड्यात राहते, तिची प्रकृती उत्तम आहे, ती रोज गोष्टी सांगते, तिच्यामुळे मला कष्टाचे महत्त्व कळले. एकही चूक नाही. शिक्षिकेने लाल शाईत पुरे मार्क दिले आहेत आणि तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, असे ताईने सांगितले.

त्यानंतर आठ-दहा पाने सोडून पुन्हा एक पत्र आहे. त्याला विषय दिलेला नाही, शब्दमर्यादा नाही, कोणी तपासलेले नाही, आणि चुकांनी ते भरले आहे. 'प्रिय पीटर' अशी सुरुवात. मग ती लिहिते की, आजीवरचा माझा निबंध खोटा आहे. दहा वर्षांची होईपर्यंत मला आजीने वाढवले, कारण आई शहरात कामाला होती. आता आजीला माझे नाव आठवत नाही. मागच्या सणाला गेले तेव्हा तिने मला शेजाऱ्यांची मुलगी समजून घरी जायला सांगितले. हे आईला सांगता येत नाही, कारण आई रडेल. बाईंना सांगता येत नाही, कारण त्यांनी निबंध वाचून दाखवला. तू नाहीस, म्हणून तुला सांगते. खाली सही: ली ह्वा.

हे वाचून मी लाल पेनाला टोपण घातले.

या पत्रात आजीला सगळीकडे 'ही' म्हटले आहे, 'शी' म्हटलेले नाही. चिनी मुले बोलताना ही चूक हटकून करतात. त्यांच्या बोलीत तो, ती आणि ते या तिघांनाही एकच उच्चार आहे, 'ता'. लिहिताना 'ती'साठी वेगळे अक्षर वापरण्याची चाल लिऊ बाननोंग या कवीने १९२० च्या सुमारास लोकप्रिय केली. पण कानाला फरक नाही तो नाहीच. क्रियापदाचे रूपही काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल', 'उद्या' असा शब्द किंवा एखादे अव्यय जोडून काम भागते. त्यामुळे इंग्रजीत आजीने गोष्टी 'सांगितल्या' की ती 'सांगते', हे प्रत्येक वाक्यात ठरवणे या मुलीला भाग पडले आहे, आणि ती अडखळली आहे. एका वाक्यात आजी भूतकाळात आहे, पुढच्यात वर्तमानात.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गाला मी 'माय मदर' हा निबंध घातला. माझी आई पहाटे पाचला उठते, स्वयंपाक करते, माझा अभ्यास घेते, मला ती फार आवडते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा निबंध फार स्वच्छ उतरला होता. मी दहापैकी नऊ दिले. एके ठिकाणी 'द' राहिला होता म्हणून एक कापला. पुढच्या महिन्यात पालकांच्या सभेला त्याचा मामा आला. बोलता बोलता कळले की मुलाची आई तो तिसरीत असतानाच गेली. मी त्या मुलाला व्हरांड्यात गाठले आणि विचारले, "अरे, मग असं कसं लिहिलंस?" तो म्हणाला, "सर, तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतं." आणि मग, जणू माझीच समजूत काढावी तसा म्हणाला, "खरं लिहायचं तर भूतकाळ लागला असता. तो आपला अजून झाला नाही."

त्या मुलाने खोटे सांगितले काय? मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. चीनच्या लू शुनचा १९२५ सालचा एक लहानसा मजकूर भाषांतरातून माझ्या वाचनात आला होता. त्यात एकाला स्वप्न पडते की तो शाळेत निबंध लिहायला बसला आहे आणि मत कसे मांडावे हे गुरुजींना विचारतो. गुरुजी सांगतात: एका घरी मुलगा झाला. एक पाहुणा म्हणाला, हा श्रीमंत होईल. त्याचे आभार मानले. दुसरा म्हणाला, अधिकारी होईल. त्याचेही कौतुक झाले. तिसरा म्हणाला, हा एक दिवस मरणार आहे. त्याला सगळ्यांनी मिळून चोपले. आता तिसऱ्याचेच म्हणणे तेवढे खात्रीचे खरे! मग खोटे बोलायचे नसेल आणि मारही खायचा नसेल, तर काय म्हणावे? गुरुजींनी सुचवलेले उत्तर असे की, मुलाकडे पाहून नुसते 'अहाहा, हे बाळ म्हणजे!' करावे आणि हसावे. लू शुनचा रोख ढोंगावर होता. पण तो तिसरा पाहुणा तरी कुठला सत्यवादी? बारशाच्या घरी जाऊन मरणाची वार्ता सांगणारा माणूस मला सत्यनिष्ठ वाटत नाही, नुसता आडदांड वाटतो.

आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर व्यवहारी आहेत. वहीची हकीकत ऐकून ते म्हणाले, "तुम्ही कादंबरीकार मंडळी उगाच हळवी होता. दारावर बसणाऱ्या बाईच्या पोरीला घरी इंग्रजी कोण बोलून दाखवणार? पाठ केलेली वाक्ये ही तिची शिडी. श्रीमंताचं पोर शिकवणी लावील, परदेशी जाईल. स्वतःचं मनोगत, स्वतःची शैली, हे त्यालाच परवडतं." त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. २०२१ साली चीन सरकारने नववीपर्यंतच्या मुख्य विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद केल्या, त्यामागे मुलांवरचे ओझे होते तसा पालकांच्या खिशावरचा भारही होता. नाव झाकणारा तो जुना नियमही गरिबाच्या बाजूचाच. ली ह्वाच्या बुरख्याआड दारवानाची मुलगी आणि साहेबाचा मुलगा सारखे दिसतात. हे मला मान्य आहे. परंतु मास्तरांच्या शिडीवर तो शेवटच्या बाकावरचा मुलगा नऊ मार्कांच्या पायरीपर्यंत चढला, आणि ती शिडी मीच लावली होती.

मला चक्रावून टाकते ते निराळेच. या वहीत खरे नाव आहे तिथे खोटी आजी आहे, आणि खोटे नाव आहे तिथे खरी. परीक्षेने जो मुखवटा तिला मार्कांसाठी दिला, त्याच्याच आड जाऊन ती मनातले बोलली. आणि तेही आईला वाचता येत नाही अशा भाषेत, जो माणूसच नाही अशा मित्रापाशी. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या वडिलांविषयी जे मला त्यांच्या हयातीत बोलता आले नाही, ते मी एका कादंबरीतल्या तलाठ्याच्या तोंडी घातले आहे. वाचकांना तो तलाठी आवडला. घरात कोणी ओळखला नाही. मग ली ह्वाला मी कोणत्या तोंडाने खोटा म्हणू?

तरीही त्या बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला नसता, 'छान' म्हणण्याऐवजी 'तुझी आजी कोणत्या गोष्टी सांगते गं?' असे एकदा विचारले असते, तर? कदाचित मुलगी काहीतरी रचून सांगून मोकळी झाली असती. कदाचित गप्प राहिली असती. विचारण्याचा हक्क शिक्षकाला कितपत आहे, हेही मला नीटसे ठरवता आलेले नाही. व्हरांड्यात मी त्या मुलाला विचारले, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी?

या वर्षी जूनमध्ये मी सहावीला 'माय मदर'च्या आधी भूतकाळ शिकवला. वर्षाच्या आखणीत तो पुढे आहे. हेडमास्तरांनी वही पाहून विचारले, "क्रम का मोडलात?" मी म्हटले, "मुलांना लागतो, साहेब." त्यांनी सही केली. निबंध घातला तेव्हा चाळीस मुलांपैकी एकानेही तो वापरला नाही. सगळ्यांच्या आया पाचलाच उठल्या.

ताईचा दर दिवाळीला फोन येतो. ती आता एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. "सर, मार्क काय दिले? ती विचारत होती," असे म्हणते. मी म्हणतो, तपासतो आहे. पुऱ्या मार्कांच्या निबंधाला मी काय देणार, आणि पत्राला तर मार्क नसतातच. परवा पुन्हा वही काढली. आजीच्या जागी लिहिलेला तो 'ही' दुरुस्त करावा म्हणून पेन्सिल टेकवली. आपल्या कानाला 'ही' म्हणजे बाईच! त्याच्याखाली बारीक रेघ तेवढी मारली आणि वही परत खणात ठेवली.